दिवा-खर्च

सिद्राम माळगेच्या पत्राला मी कित्येक वर्षं उत्तर दिलं नाही. पत्राबरोबर कापडी पिशवीत दळलेली हळद आली होती. ती डब्यात भरताना मनाशी म्हटलं, ही संपायच्या आत लिहू. एकट्या माणसाच्या आमटीला हळद लागते ती किती? चिमूटभर. ती चिमूटही मी हात आखडून घालत होतो, हे फार उशिरा लक्षात आलं. हळदीचा वास कधीच उडाला होता, तरी डबा सरत नव्हता.

पत्रातलं अक्षर नातीचं होतं, बोल सिद्रामचे. "साहेब, त्या दिवशी तुम्ही मला वाचवलं. नुसते कागद बघून तुम्हाला पेवातलं कसं कळलं, तेवढं नातीला सांगा. ती बी.कॉम. झाली. आता एका शीतगृहाचे हिशेब कॉम्प्युटरवर बसवायचं काम तिला मिळालंय. मी तिला तुमचीच गोष्ट सांगत असतो. कस्तुराचा नमस्कार." खाली नातीने आपली एक ओळ घातली होती: "आजोबा म्हणतात, तुम्हाला जमिनीखालचं दिसत होतं. खरं काय झालं होतं?"

खरं काय झालं होतं?

"पोंक्षे, पास कुठाय?"

महावीरशेठ माझ्या खुर्चीच्या मागे येऊन उभे होते. त्यांचा श्वास माझ्या मानेला लागत होता. समोर पडद्यावर हिरव्या अक्षरांत एकच ओळ लुकलुकत होती: दिवा क्रमांक द्या.

"छापतो," मी म्हणालो, आणि काहीच केलं नाही.

ही सांगलीजवळच्या नदीकाठच्या गावातली गोष्ट. तिथली माती अशी, की खोल खणून ठेवलेला खड्डा ढासळत नाही आणि आत पाणी झिरपत नाही. आकार सुरईसारखा, पोट मोठं, तोंड जेमतेम एक माणूस उतरेल एवढं. त्याला पेव म्हणतात. त्यात हळद भरायची, तोंड बुजवायचं, वर माती लोटायची. हळद वर्षानुवर्षं खाली पडून राहते आणि वर कागदावर तिची विक्री होत राहते. मालक बदलतात, माल हलत नाही. चौगुल्यांच्या पेढीची अशी पुष्कळ पेवं होती, आणि त्यांचे हिशेब कॉम्प्युटरवर चढवायला पुण्याच्या एका छोट्या कंपनीने मला पाठवलं होतं.

निघताना आमचे मालक म्हणाले होते, "यंत्राला काय येतं ते काही दिवस विसर. माल कुठून कुठे जातो आणि प्रत्येक वळणावर कोण कुणाच्या हातात कागद देतो, ते आधी बघून ये. खाती मागून मांडता येतील."

मला ते काम जमण्यासारखं होतं. मी बोलायला भितो, पण शेजारी बसून लिहायला भीत नाही. पेढीचे गुंडोपंत मुनीम लिहायचे आणि मी त्यांच्या कोपराशी बसून बघायचो. पहिल्याच आठवड्यात मला निकासीच्या चिठ्ठीवर एक अरुंद रकाना दिसला. वजन, गाडीचा नंबर, व्यापाऱ्याचं नाव, आणि अगदी कोपऱ्यात: दिवा नं.

"हे काय?" मी विचारलं.

"रॉकेलच्या व्हाउचरचा आकडा," गुंडोपंत म्हणाले. "बंद पेवात वारा मरतो हो. आणि मेलेला वारा माणसाला मारतो. तोंड उघडलं की एक दिवस मोकळं ठेवायचं, मग दोरीनं कंदील सोडायचा. कंदील तळापर्यंत जगला तर माणूस उतरणार. विझला तर कुणी उतरायचं नाही."

"विझतो कधी?"

"सिद्रामचा चुलता विझलेल्या पेवात उतरला होता. त्याला काढायला दुसरा उतरला." गुंडोपंतांनी टाक दौतीत बुडवला. "दोघांना गळ टाकून काढलं."

त्या दिवसापासून मी पेवांच्या पटांगणातून चालायचं सोडलं. कुंपणाच्या कडेकडेने कचेरीत यायचो. हमाल हसायचे. सिद्राम तर मुद्दाम हाक मारायचा, "ओ साहेब, या की मधनं! पेव काय उडी मारून धरत न्हाई!" काळाभोर, हाडापेराने मोठा माणूस, अंगभर हळद. त्याच्या टोळीत आत उतरणारा तोच. त्याची बायको कस्तुरा चाळणीवर बायकांच्यात काम करायची, आणि दुपारी स्टोव्हवर सगळ्यांचा चहाही तीच करायची.

महावीरशेठ पुण्याला शिकून आलेले, पेढीच्या मालकांचे धाकटे चिरंजीव. माणूस वाईट नव्हता. पण वडिलांची प्रत्येक पद्धत त्यांना उगाच घातलेला वळसा वाटायची. माझा आराखडा बघून त्यांनी लाल पेन काढलं.

"रुपया-दीड रुपयाच्या रॉकेलला वेगळा रकाना? किरकोळ खर्चात टाका. चहा, सुतळी, दिवा, सगळं एकात."

"हो," मी म्हणालो.

आणि चहा टाकला, सुतळी टाकली. दिवा टाकायला हात धजला नाही. यात धाडस नव्हतं. लहानपणापासून मला पुस्तकातलं पानसुद्धा सोडून पुढे जायची भीती वाटते. जुन्या वहीतली एक गोष्ट आपण गाळली आणि उद्या त्यावरून काही निघालं तर? म्हणून मी तो रकाना तसाच ठेवला. एवढंच नाही, तर दिव्याचा क्रमांक घातल्याशिवाय यंत्रावर पास, म्हणजे तीच निकासीची चिठ्ठी, छापला जाणार नाही असं करून ठेवलं, कारण गुंडोपंतही व्हाउचरचा आकडा बघितल्याशिवाय चिठ्ठीवर सही करत नसत. शेठना हे मी सांगितलं नाही. रोज दिवा लागतो, रोज क्रमांक पडतो, कुणाला कळतंय?

त्या दिवशी कळलं.

थोरले शेठ, महावीरशेठचे वडील, श्रवणबेळगोळला गेले होते. गुंडोपंत मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मिरजेला. मुंबईची गाडी दारात उभी होती, माल बोटीवर चढायचा होता, आणि हा सौदा महावीरशेठनी वडिलांना न विचारता केला होता. जवळच्या पेवातला माल कमी पडला म्हणून त्यांनी सकाळीच एक जुनं, वर्षानुवर्षं न उघडलेलं पेव उघडायला लावलं होतं. एक दिवस थांबायचं नव्हतं. हमालांना दुप्पट हमाली कबूल केली होती.

आता फक्त पास हवा होता. हमाली पासाच्या नंबरावर मिळते, म्हणून पास हातात आल्याशिवाय कुणी मालाला हात लावत नाही. खिडकीतून मला सिद्राम दिसत होता. कमरेला दोर बांधून, पेवाच्या तोंडात पाय सोडून बसला होता. नदीवर पोहायला आल्यासारखा पाय हलवत होता.

"मागच्या पेवाचा क्रमांक टाका," शेठ म्हणाले.

"तो वापरलेला आहे. परत घेणार नाही."

"कोण?"

"यंत्र."

"मग नवा टाका. पुढचा."

"नव्या क्रमांकाला व्हाउचर लागतं, शेठ. रोख खात्यातून पैसे गेले पाहिजेत. नाहीतर संध्याकाळी गल्ला जुळणार नाही."

माझा आवाज मलाच परका वाटत होता. तोंड कोरडं पडलं होतं. मी काय बोलत होतो? माझ्या डोक्यात खरंच गल्ला होता का? की त्या खिडकीतले हलणारे पाय? तेव्हा हा प्रश्न पडला नाही. तेव्हा नुसती भीती होती. मागे उभ्या माणसाची, समोरच्या लुकलुकत्या ओळीची, खोट्या आकड्याची, नोकरीची. सगळ्या भीत्या एकात एक मिसळल्या होत्या.

दारात कस्तुरा येऊन उभी राहिली. "आवं साहेब, चिठ्ठी द्या की. त्यो तिथं कवाधरनं पाय सोडून बसलाय, त्या डायवराच्या शिव्या ऐकत."

बाहेरून ड्रायव्हरने हॉर्न दाबून धरला.

महावीरशेठनी खिशातून नोटा काढल्या आणि दोनाची नोट माझ्या टेबलावर आपटली. "हे घ्या. गेले पैसे. झाला खर्च."

मी नोटेकडे बघत राहिलो.

"आता काय?"

"पण... रॉकेल?" मी म्हणालो.

"काय रॉकेल?"

"पैसे गेले तर रॉकेल आलं पाहिजे. व्हाउचरवर घेणाऱ्याची सही लागते. ऑडिटर विचारतात."

शेठ हसले. ते हसणं ऐकून मी खुर्चीत आणखी खाली सरकलो. "ऑडिटर! बोट चाललीय तिकडं, आणि या माणसाला ऑडिटर दिसतोय! अहो पोंक्षे, तुम्हाला रात्री स्वप्नात बायका येतात का व्हाउचरं?"

मी मान खाली घालून बसलो. हात मांडीखाली दाबून धरले. उठून "तो माणूस मरेल" असं म्हणायला हवं होतं. ते वाक्य घशापर्यंत आलं होतं का? मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की मी म्हणालो नाही.

"ए कस्तुरा," शेठ ओरडले, "तुझ्या स्टोव्हमध्ये रॉकेल आहे?"

"हाय की."

"कंदिलात घाल. हे पैसे घे. आणि या साहेबांच्या कागदावर अंगठा उठव, म्हणजे यांचा जीव भांड्यात पडेल. मग पेवाची आरती करा, नाहीतर माझी करा, पण पास काढा!"

कस्तुराने दोनाची नोट उचलून कमरेला खोचली. मी व्हाउचर लिहिलं: पेव उघडण्याकामी दिवा-खर्च. शाईच्या पॅडवर अंगठा दाबायला सांगितलं, पण तिची बोटं आधीच हळदीने माखलेली, त्यामुळे निळ्यावर पिवळा असा काहीतरी ठसा उठला. ती त्याच्याकडे वाकून बघत म्हणाली, "ह्ये कशाचं हाय म्हणलासा?"

"दिव्याचं. तुम्ही दिव्यासाठी पैसे घेतले, असं."

"आस्सं," ती म्हणाली आणि गेली.

मग मी क्रमांक टाकला. पडद्यावरची ओळ विझली. प्रिंटरने टकटक करत पास छापला. मी तो फाडला आणि महावीरशेठच्या हातात दिला.

हे मी सिद्रामला कधी सांगितलं नाही. पास मी दिला. कंदील अजून पेटलाही नव्हता आणि मी पास दिला होता.

शेठ जवळजवळ पळतच बाहेर गेले. मीही उठलो. का उठलो ठाऊक नाही. पहिल्यांदाच पटांगणातून सरळ चाललो. पायाखालची जमीन पोकळ वाटत होती, प्रत्येक पाऊल आत जाईलसं वाटत होतं. बोलायचं ठरवत होतो. "दिवा सोडा." दोनच शब्द. ते तोंडातल्या तोंडात म्हणत मी पेवाशी पोचलो.

सिद्रामने पास घेतला, डोक्याच्या मुंडाशात खोचला. "चला रं, धरा दोर!" मग मला बघून खूश झाला. "आगं बया! साहेब आज मधनं आले! आता काय, पेवात उतरून बघताय का माझ्यासंगं?"

सगळे हसले. मी तोंड उघडलं. आवाज आला नाही. खरंच आला नाही. आतून येणारा कोंदट, जुन्या हळदीचा वास नाकात भरला होता. त्या काळ्या तोंडाकडे मला बघवत नव्हतं, आणि तिथून नजरही निघत नव्हती.

सिद्रामने दोन्ही हात कडेला टेकले आणि अंग खाली सोडू लागला.

"थांबा वाईच," मागून कस्तुरा आली. हातात पेटवलेला कंदील, त्याला सुंभ बांधलेला. "ह्यो आधी जाऊ दे."

"आता कशाला?" सिद्राम अर्धा आत, अर्धा बाहेर. "सकाळधरनं तोंड उघडं हाय. वारा भरलाय आत. मला वास कळतुया."

"तुला चुलीवर करपलेलं कळत न्हाई, पेवातलं कळतंय व्हय?"

"कस्तुरा, गाडी थांबलीय," महावीरशेठ म्हणाले.

"थांबंल की, शेठ. म्या पैसं घेतल्यात ह्येचं. साहेबांच्या कागदावर अंगठा दिलाय, दिव्याचा म्हणून. दिवा सोडलाच न्हाई तर अंगठा खोटा हुतोय का न्हाई?" तिने माझ्याकडे बघितलं. "व्हय का न्हाई वो साहेब?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी मान हलवली. होकाराची की कशाची, कोण जाणे. नुसती मान हलली.

"सरक तिकडं," ती नवऱ्याला म्हणाली. सिद्राम कुरकुरत वर आला, पण पाय तसेच आत सोडून बसला. तिने त्याच्या गुडघ्यांच्या मधून कंदील खाली सोडला.

ज्योत पिवळी होती. थोडं खाली जाईपर्यंत तशीच राहिली. पेवाची भिंत उजळत गेली, तिच्यावरच्या गवताच्या काड्या दिसल्या. मग ज्योत लाल झाली. मग बारीक झाली, अगदी गव्हाच्या दाण्याएवढी. कुणी फुंकर घातली नव्हती, वारा नव्हता, धूरही नीट निघाला नाही. ज्योत नुसती नाहीशी झाली. माल अजून पुष्कळ खाली होता.

कस्तुराने कंदील वर ओढला. काडी ओढून परत पेटवला, परत सोडला. तेवढ्याच खोलीवर तो परत विझला.

सिद्रामने एक पाय बाहेर काढला. मग दुसरा काढला. दोन्ही पाय पोटाशी धरून तो तिथेच जमिनीवर बसला आणि आपल्याच तळपायांकडे बघत राहिला. मघापासून हलणारे पाय आता वेगळ्याच कारणाने हलत होते. महावीरशेठ कुंपणाला धरून वाकले होते. ओकत होते, हे मला नंतर कळलं.

हॉर्न वाजायचा थांबला. ड्रायव्हर खाली उतरून आला, पेवात डोकावला, आणि त्याने डोक्यावरचं फडकं काढून हातात घेतलं.

मग सिद्राम उठला आणि सगळ्यांच्या देखत माझ्या पायाशी वाकला. "साहेब, तुम्ही चिठ्ठी अडवून धरली म्हणून..."

"नाही, नाही," मी म्हणालो. "मी नाही. मी फक्त..."

"बघा," तो इतरांना म्हणाला, "किती साधा माणूस हाय."

मी परत "नाही" म्हणालो. जितक्यांदा म्हणालो तितका मी त्यांच्या नजरेत मोठा होत गेलो. शेवटी गप्प बसलो. गप्प बसणं मला जमतं. कस्तुरा विझलेल्या कंदिलाची काच पदराने पुसत होती. कुणी तिच्याकडे बघितलं नाही. मी बघितलं, तरी तिचं नाव घेतलं नाही.

गाडी रिकामी गेली. बोटही गेली असावी. थोरले शेठ परत आल्यावर आत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. मी पुण्याला निघालो तेव्हा महावीरशेठ स्टँडवर सोडायला आले. वाटेत एकदाच म्हणाले, "पोंक्षे, तो रकाना... त्याचं नाव तेच राहू द्या." मग एसटी आली.

आज सकाळी डबा पालथा घालून आपटला. तळाची भुकटी आमटीत पडली, बोट फिरवून कडेची काढली. मग पेन घेऊन बसलो.

पहिला मसुदा चार पानी झाला. त्यात मी स्वतःला फार दोष दिला होता. वाचल्यावर लक्षात आलं, की तीही एक मोठेपणा घ्यायचीच तऱ्हा आहे. फाडला. दुसऱ्यात नुसती यंत्राची माहिती होती. तोही फाडला. "प्रिय सिद्राम" असं तिसऱ्यांदा लिहिलं आणि हात थांबला. इतकी वर्षं मी सिद्रामला उत्तर शोधत होतो. उत्तर त्याला द्यायचंच नव्हतं.

नवा कागद घेतला.

"कस्तुराबाई, मी पोंक्षे. नातीकडून हे वाचून घ्या आणि सिद्रामलाही ऐकवा. त्या दिवशी मला जमिनीखालचं काही दिसलं नव्हतं. मी घाबरलो होतो. सिद्रामसाठी की खोट्या व्हाउचरसाठी, हे मला तेव्हा कळलं नाही, आजही कळत नाही. पास मी छापून दिला होता. पेवाशी आलो तरी माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. दिवा तुम्ही सोडलात, कारण तुम्ही त्याचे पैसे घेतले होते. मी फक्त गुंडोपंतांच्या वहीतला एक रकाना गाळला नव्हता. नातीला सांगा, शीतगृहाचं काम केव्हाच झालं असेल, तरी पुढे जिथे जाशील तिथे आधी लोकांच्या शेजारी बस. कोण कशाची वाट बघतं, आणि कोणता कागद आल्याशिवाय आत पाऊल टाकत नाही, ते लिहून घे. एखादा रकाना फालतू वाटला तर तो कुणी घातला ते विचार. सांगायला कुणी उरलं नसेल, तर तो तसाच ठेव. हळद संपली. तुमचा, पोंक्षे."

पाकिटावर पत्ता लिहिताना पुन्हा अडलो. ती असेल का? सिद्राम असेल का? नावाआधी काय लिहायचं, सौभाग्यवती की श्रीमती? एवढी वर्षं उशीर केला की असे प्रश्न पडतात. शेवटी आधी काहीच लावलं नाही. लिहिलं: कस्तुराबाई सिद्राम माळगे.

कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत चालत गेलो. पाकीट तिच्या तोंडात अर्धं सरकवलं आणि थांबलो. जुनाच कोरडेपणा तोंडात आला. मागून कुणीतरी म्हणालं, "आजोबा, टाकताय ना?"

"टाकतो," मी म्हणालो, आणि या वेळी टाकलं.